खाते चालू, पैसा होल्डवर

जागतिक बँकेच्या ‘ग्लोबल फिन्डेक्स’ पाहणीत 2011 साली चीनमधल्या 64 टक्के प्रौढांचे खाते होते, भारतातल्या 35 टक्क्यांचे. 2017 मध्ये दोन्ही देश 80 टक्क्यांवर आले. मधल्या काळात जनधन योजना आली आणि 29 अंकांचे अंतर सहा वर्षांत मिटले. हे यश लहान नाही. त्याचा गाजावाजाही भरपूर झाला.

त्याच पाहणीतल्या दुसऱ्या आकड्याचा तेवढा झाला नाही. भारतातल्या 48 टक्के खातेदारांनी वर्षभरात एकदाही पैसे भरले नव्हते की काढले नव्हते. डिजिटल मार्गाने पैसे दिलेले वा मिळालेले प्रौढ चीनमध्ये 68 टक्के होते, भारतात 29. बरोबरी झाली ती खाती उघडण्यात. पुढे सुधारणा झाली. निष्क्रिय खातेदार 2021 मध्ये 35 टक्क्यांवर आले. 2024 मध्ये देशातले 89 टक्के प्रौढ खातेदार झाले.

आता जालना जिल्ह्यातला नेहमीचा अनुभव पाहा. अतिवृष्टीचे अनुदान जमा झाल्याचा मेसेज मोबाइलवर येतो. शेतकरी अंबडला किंवा घनसावंगीला शाखेत जातो. स्लिप भरतो, रांगेत उभा राहतो. खिडकीवर उत्तर मिळते, ‘‘खातं होल्डवर आहे, साहेबांना भेटा.’’ साहेब म्हणतात, ‘‘पीककर्ज थकलंय. आधी नवं-जुनं करून घ्या, मग बघू.’’ हातात कागद पडत नाही. जे काही सांगायचे ते तोंडी.

पाहणीत हा शेतकरी कुठे बसेल? त्याचे खाते आहे. वर्षात रक्कम जमा झाली, म्हणजे खाते चालू आहे. सरकारची मदत थेट खात्यात आली, म्हणजे डिजिटल व्यवहारही झाला. तिन्ही रकान्यांत तो जमेच्या बाजूला. बियाणे-खत मात्र कृषी सेवा केंद्रातून उधारीवर, नाहीतर सावकाराच्या पैशातून.

नियम नाही असे नाही. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे मदतीच्या शासन निर्णयांतच लिहिलेले असते. जिल्हाधिकारीही बँकांना तसे बजावतात. पुढच्या आपत्तीला पुन्हा बजावतात. एकच गोष्ट इतक्यांदा बजावावी लागते, याचा अर्थ बँकांना चांगला ठाऊक आहे. थकबाकी वसूल करण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारत नाही. त्यासाठी नोटीस आहे, तडजोड आहे, कायदा आहे. बुडालेल्या कपाशीची भरपाई अडवून ठेवणे यातल्या कशातच बसत नाही.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. खाते होल्डवर टाकले तर कारण, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असलेला कागद खातेदाराला त्याच दिवशी द्यावा. आणि जिल्ह्याच्या बँक आढावा बैठकीत किती खाती उघडली हे सांगताना, किती खात्यांतली मदत अडकून आहे तेही शाखानिहाय मांडावे. हा दुसरा आकडा जाहीर होत नाही, तोवर 89 टक्क्यांचा अभिमान कोणी जालन्यात येऊन सांगू नये.