आधी जुनी गाडी नीट करून द्या

पाडवा तोंडावर आला की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो. सर्व्हिसिंगला आलेले गिऱ्हाईक टाकीवर हात ठेवून म्हणते, "मेस्त्री, हिच्यात आता दम नाही राहिला. मोठी घ्यावी म्हणतोय. कोणती घेऊ?" शोरूमची पायरी चढण्याआधी माणूस आपल्याला विचारतो, कारण शोरूमवाल्याला गाडी एकदाच विकायची असते आणि आपल्याला ती पुढची कित्येक वर्षे सांभाळायची असते. तरीही आपल्यापैकी बरेच जण हातातला पाना खाली न ठेवता एखाद्या मॉडेलचे नाव फेकतात. यंदा तसे करू नका.

'दम नाही' ही तक्रार ऐकली की आधी तिचीच तपासणी करा. आठ-दहा वर्षे वापरलेल्या दीडशे सीसीच्या गाडीत काय काय झालेले असते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. क्लच प्लेट घासून सटकते, म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरत नाही. मागचा ब्रेक चिकटून फिरतो. एअर फिल्टर धुळीने बंद, टॅपेट कधी जुळवलेच नाहीत, चेन सैल, टायरमध्ये हवा निम्मी. यातले काहीही एका दिवसात होत नाही, त्यामुळे मालकाला ते जाणवत नाही. मग एखाद्या रविवारी तो मित्राची नवी कोरी तीनशे पन्नास किंवा चारशेची गाडी दोन किलोमीटर फिरवतो आणि त्याला वाटते की आपली गाडी म्हणजे भंगार. ही तुलना मुळातच चुकीची आहे. क्लच, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक आणि टॅपेटचे काम करून जुनी गाडी त्याच्या हातात द्या, पंधरा दिवस चालवायला सांगा आणि मग विचारा. काही जण बेत रद्द करतील. त्यात आपला तोटाही नाही. झालेले काम आपले असते, उलट नवी गाडी वॉरंटी संपेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच जाते.

ज्यांचा बेत कायम राहील, त्यांच्याशी बीएचपीवर बोलत बसू नका. जाहिरातीत तोच एक आकडा मोठ्या टाइपात असतो आणि गिऱ्हाईक तो पाठ करून येते. यामाहाची आर-१५ घ्या: १५५ सीसी, १८ बीएचपीच्या थोडे वर, तेही १०,००० आरपीएमला. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या: २० बीएचपी, ६,१०० आरपीएमला. कागदावर दोघींत दोन बीएचपीचा फरक. पण आर-१५ चा टॉर्क १४ न्यूटन-मीटर आणि तोही ७,५०० आरपीएमला मिळतो. क्लासिकचा २७ न्यूटन-मीटर, अवघ्या ४,००० ला. बायको मागे, बॅगा लटकवलेल्या आणि कुंभार्ली घाटातले वळण पुढे, अशा वेळी पहिली गाडी दोन गिअर खाली मागते, दुसरी आहे त्या गिअरमध्ये ओढून नेते. उलट मोकळ्या वळणदार रस्त्यावर एकटा चालवणारा पंचविशीतला पोरगा क्लासिकवर कंटाळेल, कारण तिचे वजन १९५ किलो आहे आणि आर-१५ तिच्यापेक्षा पन्नासेक किलोने हलकी. यातली मोठी गाडी कोणती हे चालवणारा कोण आणि रस्ता कोणता यावर ठरते. म्हणून 'किती सीसीची हवी' याऐवजी 'कुठे चालवणार, मागे कोण बसणार' हे आधी विचारा.

मोठी गाडी हायवेसाठी घ्यायची, असे सगळेच सांगतात. आपल्या राज्यात या वाक्याला एक गमतीदार अडचण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवरही बंदी. म्हणजे राज्यातले सर्वांत वेगवान रस्ते तीन लाखांच्या मोटारसायकललाही बंद आहेत. चार पदरी रस्त्यावर चालवायची म्हटली, तर केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. तेवढा वेग स्प्लेंडरही गाठते.

मग जास्त ताकद कशाला? तिचा उपयोग आहे, फक्त तो ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो. हवेच्या विरोधावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. त्यामुळे ८० च्या वेगाला शंभर सीसीचे इंजिन जवळजवळ सगळा दम लावून पळत असते, हाती शिल्लक काहीच नसते. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला की ओलांडायला लागणारा वेळ वाढतो आणि तेवढा वेळ माणूस समोरच्या लेनमध्ये राहतो. वीस-पंचवीस बीएचपीची गाडी त्याच वेगाला निवांत असते आणि ओव्हरटेक लवकर उरकते. दिवसभराच्या प्रवासात हाताला मुंग्याही कमी येतात. आठवड्याला सातारा-पुणे करणाऱ्याला हे कामाचे आहे. घर ते एमआयडीसी चार किलोमीटर जाणाऱ्याला अजिबात नाही, आणि हे त्याच्या तोंडावर सांगायला आपण कचरतो.

ताकदीबरोबर ब्रेक वाढला पाहिजे, हे आपल्या देशाने एकदा महागात शिकून घेतले आहे. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्याने राजदूत ३५० आणली. बुलेट ३५० जेमतेम १८ बीएचपीची होती त्या काळात ही टू-स्ट्रोक गाडी ३०.५ बीएचपी देत असे. जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्क होती, आपल्याकडच्या गाडीला मात्र पुढेही ड्रमच बसवला. पळायला अव्वल, थांबायला दुबळी, अशी तिची ख्याती झाली. आज जुनी राजदूत ३५० जपणारे शौकीन पहिल्यांदा पुढची डिस्क का शोधतात, हे त्यांना विचारून पाहा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे नव्या गाडीत ती भीती कमी. पण सेकंड हँड घेणाऱ्याचे काय? २०१९ च्या आधीची गाडी दाखवायला आणली, तर एबीएस आहे का, एकाच चाकाला की दोन्ही, हे इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी बघा. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते. शंभर सीसीवर वीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हातापायाला हे ठाऊक नसते. त्याची सवय मागच्या ब्रेकची असते.

खरे तर माणसाला पायरीपायरीने मोठ्या गाडीवर आणण्याचे काम कायद्याचे होते. ब्रिटनमध्ये पायऱ्या आहेत. १७ व्या वर्षी ए-वन लायसन्स मिळते ते १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत, म्हणजे आपली दीडशेची पल्सरही त्यात बसणार नाही. १९ व्या वर्षी ए-टू, ३५ किलोवॉटपर्यंत. त्याच्या वर जायचे तर ए-टूवर दोन वर्षे काढून पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर चोविशी गाठायची. आपल्याकडे 'गिअरची मोटारसायकल' असे लायसन्स एकदा मिळाले की त्यावर स्प्लेंडरही चालते आणि हजार सीसीची सुपरबाइकही. शंभरच्या गाडीवर आठचा आकडा काढून घेतलेल्या लायसन्सवर पोरगा थेट चाळीस बीएचपीवर बसतो. आमचा ठोकताळा असा: एका वेळी ताकद दुपटीच्या आसपास वाढवावी, त्याहून जास्त नको. आठवरून चौदा-सोळा, चौदावरून वीस-पंचवीस. चाळीसची गाडी हवीच असेल तर मधली पायरी निदान वर्षभर चालवून.

पैशाचा हिशेबही गॅरेजमध्येच करून द्या, कारण तीनशे पन्नास सीसीवर आता मोठी भिंत उभी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा कर सेससह ३१ टक्के होता तो ४० झाला. विम्याची रेघही तिथेच. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे थर्ड पार्टीचा पाच वर्षांचा मूळ हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, त्यावरच्या गाडीला १५,११७. पुढे रेडियल टायर, मोठी चेन, कूलंट, महाग ऑइल. हप्ता फेडण्यातच जीव जाणाऱ्या माणसाला तिसऱ्या वर्षी मागचा टायर परवडत नाही. मग गुळगुळीत टायरवर तीच ताकद घेऊन तो पावसात निघतो.

आता थोडे आपल्याबद्दल. सेकंड हँड गाडी जुळवून दिली की दोन्हीकडून कमिशन मिळते, हे काही गुपित नाही. घ्यायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला ते सांगा, नाहीतर आपला सल्ला आणि दलाली यात फरक उरत नाही. दुसरे म्हणजे नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनीच 'मोठी' करून द्या अशी मागणी येते: फ्री-फ्लो सायलेन्सर, बदललेले स्प्रॉकेट, ईसीयूचे रिमॅप. ब्रेक आणि फ्रेम आहे तीच ठेवून इंजिन फुगवणे म्हणजे राजदूतची चाळीस वर्षांपूर्वीची चूक हाताने पुन्हा करणे. आवाजाचा दंड वेगळाच. ही कामे नाकारा.

आणि नव्या गाड्यांचे काम आपल्याला येते का, हेही तपासा. चारशेच्या अनेक इंजिनांत स्क्रू फिरवून टॅपेट जुळत नाहीत, शिम बदलावी लागते. क्लच स्लिपर असतो, थ्रॉटलला केबल नसते, बिघाड स्कॅनरशिवाय कळत नाही. ज्यांच्याकडे टॉर्क पाना, पॅडॉक स्टँड आणि स्कॅनर नाही, त्यांनी चारशेची गाडी घ्या असा सल्ला देऊ नये. आणि दिलाच, तर ती कोणत्या गॅरेजला न्यायची तेही त्याच वेळी सांगावे.