खुब्याचं हाड मोडलं, तर दिवस नको, तास मोजा

या पानावर आपण पेरणी, खत आणि फवारणीच्या वेळेबद्दल नेहमी बोलतो. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतली एक वेळ सांगायची आहे. ही वेळ चुकली तर दुबार पेरणी करता येत नाही.

न्हाणीत पाय घसरतो, रात्री लाइट गेल्यावर उंबऱ्याला ठेच लागते आणि म्हातारी पडते. वयामुळे हाडं ठिसूळ झालेली असतात, बायकांची तर जास्तच. साध्या पडण्यानंही मांडीच्या हाडाचं वरचं टोक, म्हणजे खुब्याजवळचं हाड मोडतं. उभं राहता येत नाही, जांघेत कळ मारते. बहुतेक वेळा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळतं.

यापुढे काय होतं, ते गावोगाव हिंडताना पाहिलं आहे. पहिला दिवस तेल चोळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी हाड बसवणाऱ्याला बोलावतात. मग पुण्याचा मुलगा येईपर्यंत थांबायचं, नाहीतर उसाचं बिल जमा होईपर्यंत. माझ्या चुलतीच्या वेळी आम्हीही असेच पाच दिवस घालवले. "या वयात ऑपरेशन कशाला?" असं म्हणणारे घरात चारजण होते, त्यात मीही होतो. तोवर छातीत कफ भरला होता. ऑपरेशन झालं, पण चुलती पुन्हा पायावर उभी राहिली नाही.

खरा धोका अंथरुणाला खिळण्यात आहे. न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायात रक्ताच्या गाठी होतात, माणूस बरळायला लागतो. रॉड किंवा प्लेट-स्क्रू टाकून, नाहीतर सांध्याचा गोळा बदलून माणसाला लवकर उभं करणं, हा त्यावरचा मुख्य इलाज आहे.

किती लवकर? ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ४२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २४ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी ३० दिवसांत शंभरी ५.८ दगावले, तर उशीर झालेल्यांपैकी ६.५.

मग सहा तासांतच उरकलं तर आणखी चांगलं का? भारतासह १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवर हीच चाचणी झाली आणि २०२० साली तिचा निकाल आला. साधारण ६ तासांत ऑपरेशन झालेल्यांत आणि २४ तासांत झालेल्यांत मृत्यूच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. मात्र लवकर झालेल्यांत भ्रम होण्याचं प्रमाण कमी राहिलं आणि ते लवकर घरी गेले.

वाफशावरच्या पेरणीसारखंच हे. चिखलात तिफण घालायची नाही आणि वाफसा निघून जाऊ द्यायचा नाही. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे सगळं डॉक्टर बघतील. त्यासाठी लागणारा वेळ वाया जात नाही. पण हे बघण्याचं काम दाखल झाल्याबरोबर सुरू झालं पाहिजे. आपल्याकडे खरे तास वाया जातात ते घरी आणि कागदपत्रांत.

पैशाचं कारण आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड आधारवर निघतं. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा. मात्र प्रत्येक रुग्णालयात हे ऑपरेशन होतंच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे. सत्तरीपुढच्या माणसांची यादी करा, कुणाची कार्डं राहिलीत ते बघा आणि हाडाचं ऑपरेशन होणाऱ्या जवळच्या अंगीकृत रुग्णालयाचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आशाताईंची मदत घ्या.

आणि घरच्यांनी एवढं लक्षात ठेवा. माणूस पडला आणि उभा राहीना, तर चोळू नका, ओढू नका, चालवून बघू नका. १०८ ला फोन करा. पाय हलू न देता न्या. चालू गोळ्या, आधार आणि कार्ड सोबत घ्या. पडल्याची वेळ डॉक्टरांना सांगा आणि "ऑपरेशन कधी?" हे पहिल्याच भेटीत विचारा. पुण्याच्या मुलाला थेट दवाखान्यात यायला सांगा.