नागपूरच्या उन्हाळ्यात पग सांभाळताना

पग घरी आणायचे मनात असेल, तर आधी घरातले सगळे एकत्र बसा. लेकरांनाही बसवा. आणि एकच प्रश्न विचारा. मार्च ते जून, भर दुपारी, आपल्या घरातली कोणती खोली थंड असते? आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोण असेल?

उत्तर लगेच मिळाले, तर पुढचे बोलू. नाही मिळाले, तर पग आणू नका. कुणाच्या हौसेवर पाणी फिरवायचे म्हणून हे सांगत नाही. त्या मुक्या जिवाचा उन्हाळा डोळ्यांपुढे येतो, म्हणून सांगतो.

पग आपल्याकडे घरोघरी माहीत झाला तो हच या मोबाइल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीने. छोट्या मुलाच्या मागे मागे जाणारा तो चपट्या तोंडाचा कुत्रा सगळ्यांना आवडला. आवडावा असाच तो आहे. अंगाने लहान, स्वभावाने मऊ, मुलांना जीव लावणारा, फ्लॅटमध्ये मावणारा. पण टीव्हीवर पाहून त्याचा श्वास कळत नाही. आणि आपले शहर असे, की २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंचेचाळीसची तर आपल्याला सवयच झाली आहे. आपल्याला झाली आहे, त्याला होत नाही.

कारण समजून घ्या. आपल्याला घाम येतो, म्हणून आपण थंड होतो. कुत्र्याच्या अंगाला तसा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि नाकातोंडातून उष्णता बाहेर टाकतो. पगचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून चपटे केले. नाकपुड्या बारीक झाल्या. टाळूचा मागचा मऊ भाग मात्र लांबच राहिला, तो श्वासाच्या वाटेत येतो. बारीक नळी तोंडात धरून, नाक दाबून दोन जिने चढून पाहा. पगचे धावणे साधारण तसे असते. त्यात धापा टाकायलाही जोर लागतो आणि त्या जोरानेच अंग आणखी तापते.

म्हणून घोरणारा पग पाहून हसू नका. जागेपणी घरघर, थोडे चालून बसणे, जेवताना ठसका लागणे, झोपेत दचकून उठणे, याला लाड समजू नका. पशुवैद्याला दाखवा. नाकपुड्या मोठ्या करण्याचे आणि टाळूचा जास्तीचा भाग कमी करण्याचे ऑपरेशन होते. सगळ्यांनाच लागते असे नाही. पण लागणार असेल, तर ते लहान वयात कळलेले बरे.

आता ज्यांच्या घरी पग आहे, त्यांनी उन्हाळ्याचे नीट ऐका.

होळी झाली की त्याची फिरण्याची वेळ बदला. पहाटे, ऊन यायच्या आधी. संध्याकाळी दिवेलागणीनंतर, तेही रस्ता निवला असेल तरच. हाताची मागची बाजू डांबरावर ठेवा. पाच-सात सेकंद धरवत नसेल, तर त्याचे पाय पोळतील. नवतप्यात एखाददिवशी फिरायला गेला नाही तर काही बिघडत नाही. घरात, गॅलरीत, जिन्याखाली त्याची शी-शूची सोय करा आणि परत आत या.

दुपारी त्याला कूलरच्या खोलीत ठेवा. एसी असेल तर उत्तम. फरशीवर पसरू द्या, गादी अंथरू नका. पाण्याची दोन भांडी दोन ठिकाणी ठेवा, एक लवंडले तर दुसरे असावे. स्लॅबखालची वरच्या मजल्याची खोली, टिनाची शेड, गच्चीवरचे खोपटे, यातली कोणतीही जागा त्याच्यासाठी नाही. सावली आहे म्हणजे थंडावा आहे असे नसते.

लाइन गेली तर काय, हेही ठरवून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात लाइन जातेच. अंग पुसायला ओला पंचा, हातपंखा, खालच्या मजल्यावरचे शेजारी. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. दोघेही नोकरीला जात असाल आणि घर दिवसभर बंद असेल, तर हा कुत्रा तुमच्या घरासाठी नाही. त्याला एकटे राहणे सोसत नाही, आणि बंद घरात लाइन गेली तर दार उघडायलाही कुणी नसते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपण सुटलो म्हणतो. पारा उतरतो, पण उमस वाढते. हवेत ओल असली की धापा टाकून अंग निवत नाही. कूलर तर उमस आणखी वाढवतो. त्या दिवसांत कूलरचे पाणी बंद करा, नुसती हवा चालू ठेवा, खिडक्या उघडा. ऑक्टोबरच्या उन्हातही हेच करा.

गाडीत त्याला एकटा सोडू नका. सीताबर्डीवर दोन मिनिटांचे काम असते, त्याची वीस मिनिटे होतात. काच चार बोटे खाली ठेवून काही उपयोग नाही. गाडी बंद केली की आतली हवा भराभर तापते. दुपारी स्कूटरवर पुढे उभा करून नेणेही नको. तुम्ही तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो, त्याच्या तोंडावर सरळ झळ येते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. ऊन लागले तर कसे ओळखायचे?

जीभ नेहमीपेक्षा लांब आणि गडद लाल होते, मग निळसर होते. लाळ घट्ट, चिकट येते. श्वासाचा आवाज बदलतो, खरखरीत होतो. चालताना झोकांड्या जातात. उलटी होते. हाक मारली तर पाहत नाही. यातले एक जरी दिसले, तरी वाट पाहू नका. कुत्र्याच्या अंगाचे तापमान एरवी १०० ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०४ च्या वर गेले की जिवाला धोका सुरू होतो.

आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. हा क्रम पाठ करा. पोट, काखा, जांघा, पाय यांवर पाणी ओता आणि पंखा लावा. पाणी नळाचे घेण्याआधी हात लावून पाहा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी कढत येते. म्हणून उन्हाळाभर बाथरूममध्ये दोन बादल्या भरून सावलीत ठेवत जा. माठातले पाणी चालेल. नाकातोंडावर पाणी ओतू नका. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासात जाते. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. घरातली क्रोसिन किंवा दुसरी तापाची गोळी तर अजिबात देऊ नका. माणसाच्या या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात.

थोडा सावरला असे वाटले तरी दवाखान्यात न्याच. उन्हाचा मार आत किडनीला, लिव्हरला बसतो आणि तो एक-दोन दिवसांनी दिसतो. नेताना गाडीचा एसी लावा, अंग ओले राहू द्या. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचे. तिथे जनावरांवर उपचार होतात. तुमचा नेहमीचा डॉक्टर कोणता, त्याची दुपारची वेळ काय, रविवारी कोण असते, हे आजच विचारून ठेवा आणि फ्रिजवर लिहून चिकटवा. आजीलाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

आपण ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो. कुणी प्रेमाने त्यालाही कांदा खाऊ घालतात. घालू नका. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. म्हणजे सावजीचा रस्सा, कांदेपोहे, तर्री, कांद्याची भाजी, सगळे बंद. द्राक्षे, मनुका, चॉकलेट हेही नको. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके पोरांच्या हातून खाली पडतात, तेवढे लक्ष ठेवा.

खाण्याचा दुसरा भाग वजनाचा आहे आणि तो श्वासाशीच जोडलेला आहे. चांगल्या पगचे वजन साधारण साडेसहा ते आठ किलो असते. त्याहून वाढले की गळ्याभोवती चरबी साठते आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. पग खायला कधी नाही म्हणत नाही. आजोबा चहाबरोबर बिस्कीट देतात, आई पोळी देते, मुले चिप्स देतात, आणि प्रत्येकाला वाटते आपण थोडेच दिले. म्हणून एकाच माणसाने खायला घालायचे. दिवसाचे सकाळी एका डब्यात मोजून काढून ठेवायचे. ज्याला द्यायचे असेल, त्याने त्याच डब्यातले द्यायचे. बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना दिसायला नकोत.

गळ्यात पट्टा बांधून ओढू नका. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. गळा दाबला की श्वास अडतो आणि त्याच्या बाहेर आलेल्या डोळ्यांवरही ताण येतो.

डोळ्यांना फार जपा. पगचा डोळा खोबणीत खोल नसतो. मांजराचा पंजा, झुडपाची काडी, मुलाचे बोट, काहीही लागते. डोळा मिटून धरला, लाल झाला, पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी दाखवा. तूप, मध, हळद घालू नका. घरात पडलेले कुणाचे जुने डोळ्यांचे औषध तर मुळीच नको. त्यात स्टेरॉइड असले आणि बुबुळावर जखम असली, तर जखम वाढून डोळा जाऊ शकतो.

चेहऱ्याच्या घड्या रोज पुसा. ओल्या मऊ फडक्याने, मग कोरड्याने. कोरडे करणे जास्त महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात तिथे ओल राहिली की वास येतो, कातडी लाल होते. त्याच दिवसांत गोचीड शोधा. कानांच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली. गोचिडातून कुत्र्याला ताप येतो, रक्त कमी होते, प्राणही जातात. अंगणात गवत वाढले असेल तर कापा. औषध कोणते आणि किती, ते डॉक्टर वजन पाहून सांगतील.

लसी चुकवू नका. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी सुरू होतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची, मग दरवर्षी. कुत्रा घरातच असतो, त्याला कशाला, असे म्हणू नका. मनपाच्या झोन कार्यालयात परवान्याचे विचारा आणि नोंद करून घ्या.

पिल्लू घेतानाही घाई करू नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. पिल्लाची आई पाहायला मागा. तिचा श्वास कसा चालतो, तिच्या नाकपुड्या उघड्या आहेत का, ते स्वतः पाहा. आई दाखवत नसतील, तर परत या. घरच्या पगला पिल्ले होऊ द्यावीत, हा विचारही सोडा. पिल्लांचे डोके मोठे, आईचे कटीर अरुंद, बाळंतपणात अनेकदा पोट फाडावे लागते. आणि तिचा श्वास अवघड असल्याने भूल देणेही जोखमीचे असते.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये हजारो कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता पगमध्ये इतर कुत्र्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. आणि तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा कितीतरी सौम्य. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नागपुरात नवीन कुत्रा आणायचा असेल, तर गावठी पिल्लू आणा. लांब नाक, आखूड केस, इथल्या हवेत वाढलेली जात. जीव तेवढाच लावते. आणि पग आधीच घरात असेल, तर त्याच्यासाठी वर सांगितलेले सगळे करा. ते त्याचे हक्काचे आहे.

उन्हाळ्यातच लग्ने असतात, हेही खरे. पुण्या-मुंबईला जायचे तर त्याचे काय, हे तिकिटाच्या आधी ठरवा. बऱ्याच विमान कंपन्या चपट्या तोंडाचे कुत्रे सामानाच्या भागात घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. रेल्वेत त्याला आपल्याजवळ बसवायचे तर पहिल्या वर्गाच्या एसीचा पूर्ण कूपे घ्यावा लागतो. नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या लोखंडी खोक्यात जातो. मे महिन्यात पगला त्या खोक्यात बसवू नका. त्याला घरीच ठेवा आणि एखाद्या ओळखीच्या, कुत्र्याची भीती नसलेल्या माणसाला घरी राहायला बोलवा. कूलर कधी लावायचा, डबा कुठे आहे, डॉक्टरचा नंबर कोणता, हे त्याला समोर बसवून सांगा.

आणि सांभाळणे खरेच जमेनासे झाले, घरात आजारपण आले, बदली झाली, तरी त्याला अंबाझरीच्या बाजूला किंवा रिंग रोडवर सोडून येऊ नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने तो गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या. रस्त्यावर त्याला धावता येत नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे त्याचे चालत नाही, आणि ऊन त्याला दुपारपर्यंतही टिकू देणार नाही. आपल्या डॉक्टरांना सांगा. त्यांच्याकडे घर शोधणारे येतात. नातेवाइकांत विचारा. घर मिळेपर्यंत दोन-तीन महिने लागू शकतात, तेवढे धरून चाला. आणि नवीन माणसांच्या हाती देताना लसींचे कार्ड, त्याचा हार्नेस आणि त्याची दुपारची जागा कशी असावी याचा कागद सोबत द्या.