संपलेल्या गोष्टीचा दुसरा भाग

धर्माबादेत मराठी शिकवणाऱ्याला एक लाभ अनायासे होतो. तेलंगणाची हद्द जवळ, घरी तेलुगू बोलणारी मुले वर्गात. त्यामुळे हिंदीत गाजलेल्या मारधाडपटाचे मूळ कुठले, हे आम्हांला विद्यार्थीच सांगतात. रोहित शेट्टींचा ‘सिंघम’ (२०११) हा हरी यांच्या ‘सिंगम’ (२०१०) या तमिळ चित्रपटावरून बेतलेला, आणि ते मूळ तेलुगूत ‘यमुडू’ म्हणून आले होते, हेही त्यांच्याकडूनच कळले.

म्हणूनच ‘सिंघम’च्या उत्तरभागांविषयी आमची विद्वान मित्रमंडळी जे बोलतात ते मान्य करता येत नाही. त्यांचे म्हणणे असे, की पहिल्या भागात नावीन्य होते, पुढे ते ओसरले. आणि चाहत्यांची निराशा ही समीक्षेने दखल घ्यावी अशी गोष्टच नव्हे, ती निव्वळ स्मरणरंजनातून येते.

नावीन्याचा मुद्दा टिकत नाही, कारण ‘सिंघम’ मुळातच उसना होता. उसना असूनही तो रुजला, याचे कारण त्याला माती मिळाली. शिवगडच्या ठाण्यातला प्रसंग आठवावा. जामिनाच्या अटीप्रमाणे जयकांत शिक्रेने ठाण्यात येऊन सही करायची आहे. तो आपला माणूस पाठवतो. बाजीराव अडून बसतो, की सही ज्याची त्यानेच करावी. सारा संघर्ष एका सहीवरून पेटतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. कायदा कुणासाठी वाकतो आणि कुणासाठी नाही, हे येथे अशाच सहीवरून कळते. पुढे शिक्रे सूड उगवतो तो बदलीच्या हुकमाने. शिवगडचा अधिकारी शत्रूच्या मुलखात, गोव्यात, एकटा पडतो. मारामारीला वजन येते ते या एकटेपणामुळे.

‘सिंघम रिटर्न्स’मध्ये (२०१४) बाजीराव मुंबईत पोलीस उपायुक्त आहे. हुद्दा वाढला, गाव सुटले. ‘आता माझी सटकली’ हा पहिल्या भागातला संतापाचा उद्गार. येथे त्याचे गाणे झाले. ‘सिंघम अगेन’मध्ये (२०२४) सिम्बा, सूर्यवंशी, शक्ती शेट्टी, सत्या असा सारा फौजफाटा मदतीला येतो, रामायणाची चौकट येते, कथा श्रीलंकेपर्यंत जाते. ज्याच्या मागे एवढे बळ आहे त्याच्यासाठी प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागावा तरी कसा? शत्रू मोठा केला, पण धोका लहान झाला.

उत्तरभाग गल्ला जमवतात, असा प्रतिवाद होईल. ‘सिंघम रिटर्न्स’ने तो जमवलाही. परंतु तिकीट चित्रपट पाहण्यापूर्वी काढले जाते. गल्ल्यातून कळते ती पहिल्या भागाची पुण्याई. दुसऱ्याची योग्यता नव्हे.

उत्तरभाग मुळातच वाईट असतो, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ‘बाहुबली’ (२०१५) एका अनुत्तरित प्रश्नापाशी थांबला होता. दुसऱ्या भागाला (२०१७) सांगण्याजोगे काही उरले होते. ‘टर्मिनेटर २’ने (१९९१) मारेकरी यंत्रालाच रक्षक केले, नातेच पालटले. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कितीही पुस्तकांतून आला तरी वाचकाचा हिरमोड झाला नाही, कारण तेथे करारच पुनर्भेटीचा होता. मालिकेचा नायक बदलत नाही. त्याने बदलू नये हीच अपेक्षा असते. ‘सिंघम’चा करार वेगळा होता. एका माणसाला एका व्यवस्थेने कोंडीत पकडले, त्याने ती फोडली, गोष्ट संपली. संपलेल्या गोष्टीला नाव तेवढे शिल्लक राहते, आणि उत्तरभाग ते नावच विकतो.

कथनाची संगती, पात्राची परिणती, अवकाशाचे भान या संज्ञा आम्ही वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो. ‘सर, ह्यात तो सिंघम राहिलाच नाही,’ असे एखादा विद्यार्थी म्हणतो तेव्हा तो याच तीन कसोट्या एका वाक्यात लावत असतो. त्याला स्मरणरंजनात काढणे म्हणजे आपल्याच विषयाचा अवमान करणे होय. चित्रपट सामान्य असेल. म्हणून त्यावरचा निवाडा सामान्य ठरत नाही. ज्या विद्यार्थ्याचा हा निवाडा आपण हसण्यावारी नेतो, तो कादंबरीवर स्वतःचे मत मांडण्याचे धाडस करील, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?