केबिन नसलेलीच बरी

गेटवेहून मांडव्याला जायचं तर रस्त्याने पेण-वडखळचा शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो. समुद्रातून हेच अंतर वीस किलोमीटरच्या आत आहे. दुमजली लाँच ते पाऊण तास ते तासाभरात कापते. ती अर्ध्यावर पोचते न पोचते तोच शेजारून एखादी उघडी स्पीडबोट नाक वर करून, फेस उडवत निघून जाते. लाँचमधले चार जण तिच्याकडे बघून 'पैशाचा माज' म्हणतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतात.

माजाचा आरोप अगदीच खोटा नाही. तरीही हौसेच्या बोटींमध्ये सगळ्यात शहाणी बोट हीच. तिच्याकडून फक्त एका सकाळचं काम मागायचं, एवढी एकच अट.

याचं कारण कोकणच्या वाऱ्यात आहे. पावसाळा सोडला तर पहाटे इथे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. त्या वेळी किनाऱ्याजवळचं पाणी तेल ओतल्यासारखं सपाट असतं. ऊन चढलं की मतलई पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. तासा-दोन तासांत लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्यावर घरी येत. यंत्रवाल्याने दुपारी वारा चढायच्या आत परतायचं, एवढाच फरक. सकाळी सहाला निघून अकराला परत येणाऱ्या बोटीला झोपायची खोली हवी कशाला? पंचवीस फुटी बोटीतली बंद केबिन एप्रिलच्या मुंबईत भट्टीसारखी तापते. मालक पहिल्या हंगामात कौतुकाने आत वाकून जातो, दुसऱ्या हंगामात तिथे लाइफ जॅकेटं आणि रिकामे कॅन ठेवतो.

उघड्या बोटीत केबिनची जागा माणसांना मिळते. मधोमध चालकाचा चौथरा, दोन्ही बाजूंनी पुढे-मागे जाण्याची वाट, मागे आउटबोर्ड इंजिन. हे मशीन वर उचलता येतं, त्यामुळे गुडघा-मांडीभर पाण्यातही किनारा गाठता येतो. खांदेरी बेटाच्या वाटेवर हा गुण फार जुना आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून उभी होती. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यांच्या लहान, उथळ, चपळ होड्या रात्री त्यांच्या मधून सामान पोचवत राहिल्या. जहाजांना मुबलक पाणी आणि वारा लागे. या होड्यांना दोन्ही बेताचेच पुरत.

आता वेगाकडे. खरेदीला गेलेला माणूस पहिला प्रश्न 'किती हॉर्सपॉवर?' असा विचारतो. त्याने आधी बोटीखाली वाकून तळ बघावा. सपाट तळाची बोट शांत पाण्यावर कमी ताकदीत उठून पळते आणि लाट आली की अशी आपटते की मणके मोजून घ्यावेत. इंग्रजी 'व्ही'सारखा खोल तळ लाट चिरत जातो. रे हंट या अमेरिकन रचनाकाराने आखलेल्या अशा तळाची ३१ फुटी 'मॉपी' १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत उतरली. समुद्र खवळलेला होता. ती सुमारे आठ तासांत पोचली. बहुतेक स्पर्धकांना दुसरा दिवस उजाडला. आज समुद्रात पळणाऱ्या बहुतेक वेगवान बोटींच्या तळात त्या आकाराचा वंश सापडतो. खोल तळाला पेट्रोल जास्त लागतं आणि उभी असताना बोट थोडी डुलते. परतायला उशीर झालाच, तर आपल्या दुपारच्या पाण्यासाठी हा सौदा परवडतो.

दुसरा गुण न बुडण्याचा. 'बोस्टन व्हेलर' कंपनीच्या डिक फिशर यांनी १९५८ मध्ये दोन कवचांमध्ये फोम भरलेली १३ फुटी बोट बाजारात आणली. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकासाठी ते त्या बोटीत सूट-टाय घालून बसले, ती करवतीने मधोमध कापून घेतली आणि इंजिन असलेला मागचा अर्धा भाग चालवत निघून गेले. जाहिरात होती हे खरं, पण बोट खरोखर कापली होती.

आपल्याकडचा धोका बोट बुडण्याहून माणूस बाहेर फेकला जाण्याचा जास्त आहे. चालकाजवळ लाल, गुंडाळीची एक दोरी असते. तिचं एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं चालकाच्या पायाला. चालक पाण्यात पडला की इंजिन बंद. प्रत्यक्षात ती बहुधा स्टिअरिंगला लटकलेली दिसते. २०१३ मध्ये इंग्लंडच्या पॅडस्टोजवळ एक कुटुंब उघड्या बोटीतून फेकलं गेलं. दोरी कुणाला जोडलेलीच नव्हती. बोट गोल फिरून त्यांच्या अंगावर आली आणि दोघांचा जीव गेला. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून लहान वेगवान बोटींवर हा स्विच जोडणं सक्तीचं आहे. आपल्याकडे निदान भाड्याच्या प्रत्येक स्पीडबोटीला परवान्यासोबत ही अट घालावी, त्यासाठी समिती नेमायची गरज नाही.

वेग कुठे आवरायचा, हा प्रश्नही आता टाळता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीवर आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर लाइफ जॅकेटवर बरीच चर्चा झाली. प्रवासी फेऱ्यांच्या वाटेत वेगाला मर्यादा हवी, यावर त्यामानाने कमी बोललं गेलं.

बाकी अडचणी रोजच्या आहेत. दीडशे हॉर्सपॉवरचं मशीन पूर्ण वेगात तासाला पन्नासेक लिटर पेट्रोल पितं. मुंबईच्या दराने पाच हजारांच्या वर. बेताच्या वेगात खर्च जवळपास निम्म्यावर येतो. सावली नाही, म्हणून कापडी छत हवंच. शौचालय नाही, ही गैरसोय पुरुष हसण्यावारी नेतात, बायका त्या सहलीलाच नाही म्हणतात. चौथऱ्याच्या पोटात दाराआड छोटं शौचालय बसवता येतं, एवढा आडोसा केबिन म्हणून पुरे.

आणि मुंबईचं पाणी. सराईत चालक मशीन सुरू केल्यावर आधी मागे वळून बघतो. इंजिनाच्या बाजूने पाण्याची करंगळीएवढी धार पडते, थंड करणारं पाणी आत फिरतंय याची ती खूण. धार बारीक झाली की प्लास्टिकची पिशवी अडकली असं समजायचं, मशीन बंद करून वर उचलायचं आणि हाताने पिशवी सोडवायची. कोळ्यांच्या डोल जाळ्याचा नायलॉनचा दोर पंख्याला गुंडाळला गेला तर सुरी लागते. जाळं कुणाच्यातरी पोटापाण्याचं असतं, म्हणून चुकवून जाणं आधी. त्यासाठी उजेड हवा, म्हणजे पुन्हा सकाळच.

मे संपता संपता गेटवे-मांडवा लाँच बंद होते आणि हौशी मंडळींच्या बोटीही ट्रेलरवर चढतात. गोड्या पाण्याने मशीन आतून धुतलं जातं, टाकीतलं पेट्रोल काढलं जातं, वर ताडपत्री येते. ऑगस्टअखेरपर्यंत ती तशीच राहते. बोटीचा मालक या तीन महिन्यांचं भाडं, विमा आणि ताडपत्रीखालच्या उंदरांचा हिशेब बहुधा घरात सांगत नाही.