अडकणारा घास आणि टळणारी तपासणी

कोळसा आणि चुनखडी यांच्या वणी परिसरात खर्रा खाणारे थोडे नाहीत. कुणाचा घास छातीत अडकू लागला की घरच्यांच्या मनात प्रथम कर्करोग येतो. उतारवयात, वजन घटत असता, तो संशय रास्तच होय. त्याचे निरसन आधी झाले पाहिजे. परंतु दमा, इसब किंवा वावड्याची सर्दी असलेला एखादा धडधाकट तरुण वर्षानुवर्षे घासागणिक पाणी पीत असेल, तर त्याची बोळवण आम्लपित्ताच्या गोळीवर होते. मधल्या सुटीत डबा न संपविणारे मूल तर लाडावलेलेच ठरते.

अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साचून होणारा दाह स्वतंत्र रोग म्हणून १९९३ च्या सुमारासच ओळखला जाऊ लागला. जंतांमुळे रक्तात वाढणाऱ्या याच पेशी. पण येथे रक्ताचा अहवाल निर्दोष असूनही रोग असू शकतो. दुर्बिणीतूनही अस्तर कधीकधी निकोपच दिसते. म्हणून नलिकेच्या वेगवेगळ्या भागांतून किमान सहा सूक्ष्म तुकडे घेणे अगत्याचे. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रात १५ वा अधिक इओसिनोफिल ही मान्य कसोटी आहे.

अडचण अशी, की ‘तुकडा तपासायला पाठविला’ या शब्दांचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. आप्त धीर सोडतात, रुग्ण नकार देतो आणि ‘वरून काही दिसत नाही’ एवढ्यावर प्रकरण मिटते. वस्तुतः दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला की नलिका ताठर व अरुंद होते. मग ती रुंदावून घ्यावी लागते, किंवा अडकलेला घास रात्री-अपरात्री दुर्बिणीने काढावा लागतो.

उपचार मात्र आवाक्यातले आहेत. आम्लरोधक गोळ्यांनीच काहींचा दाह ओसरतो. अर्थात तो ओसरला की केवळ जळजळ थांबली, हे पुन्हा तुकडे तपासल्यावाचून कळत नाही. दम्याच्या फवाऱ्यातील स्टेरॉइड श्वासाबरोबर न ओढता, डॉक्टरांच्या सल्ल्याने, गिळावयाचे आणि नंतर अर्धा तास काही खावयाचे-प्यावयाचे नाही, हा दुसरा उपाय. तिसरा पथ्याचा. दूध, गहू, अंडी, सोयाबीन, मासे, दाणे व कवचाची फळे असे सहा वर्ग वर्ज्य करण्याची जुनी रीत होती; २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत प्रौढांमध्ये सहाही वर्ज्य केल्याने ४० टक्के, तर केवळ दूध सोडल्याने ३४ टक्के रुग्णांचा दाह शमला. हा फरक निर्णायक नव्हता. गहू सोडावा लागलाच तर विदर्भात ज्वारीची भाकरी आहेच. दुधाचा चहा सोडणे त्याहून अवघड!

घास अडकतो म्हणून दुर्बीण घातली, तर तुकडे घेणे हा नियमच असावा, आणि ते कर्करोगाखेरीज इतर कारणांसाठीही घेतात हे रुग्णाला आधी सांगितले जावे. वणीहून यवतमाळच्या वा नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात जाणाऱ्या मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो. पहिल्याच खेपेस तुकडे घेतले नाहीत, तर तो बहुधा दुसऱ्यांदा येत नाही.