पंपाचे माप कळते, मग गोळीचे का कळू नये?



सोयाबीनची मळणी आटोपत आली, भाताची झोडणी सुरू झाली आणि पहाटे अंगावर वाकळ ओढावी असा गारवा पडू लागला. या दिवसांत तालुक्याच्या बाजारात दोन जिनसांचा खप हमखास वाढतो. एक हरभऱ्याचे बियाणे आणि दुसऱ्या दुखण्याच्या गोळ्या. मळणीची धूळ छातीत जाते, दम लागतो. वाकून वाकून कंबर धरते, गुडघे बोलू लागतात. मग घरातला कोणी बाजाराला निघाला की त्याला सांगायचे, "येताना चार गोळ्या आण रे, मागच्यासारख्या."

आज मला त्या 'मागच्यासारख्या' गोळ्यांविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, साहेब, हरभऱ्याची बीजप्रक्रिया सांगायची सोडून हे काय मध्येच काढले? तुमचे म्हणणे खरे आहे. मी डॉक्टर नाही, बी.एस्सी. कृषी झालेला विस्तार अधिकारी आहे. पण औषध आणि त्याची मात्रा हाच विषय मी गावोगाव फिरून तीस वर्षे शिकवत आलो, आणि तरीही माझ्याच घरात चुकलो. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून ही लेखणी उचलली.

माझ्या आईचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. रक्तदाबाची गोळी रोजची. गुडघे दुखतात म्हणून मी दर आठवड्याला दुकानातून डायक्लोफिनॅकची पट्टी आणून देत असे. चिठ्ठी मी कधी नेली नाही आणि दुकानदाराने कधी मागितली नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमापोटी आपल्याकडच्या गोळ्या तिला दिल्या. त्यांचे नाव वेगळे, वेष्टन वेगळे. आई सकाळी एक घेई, संध्याकाळी दुसरी. पोटात आग पडू लागली तेव्हा वरून दूध पिऊन गप्प बसली. तीन आठवड्यांनी एके सकाळी तुळशीला पाणी घालताना घेरी येऊन पडली. दवाखान्यात नेले तेव्हा कळले की तीन दिवस तिला डांबरासारखी काळी शौचास होत होती. जठरात व्रण होऊन आतल्या आत रक्त वाहत होते. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. वेळ बरी होती म्हणून आई घरी परत आली.

"आई, सांगितलं का नाहीस गं?" असे विचारले तर म्हणाली, "असलं कुणाला काय सांगायचं? आणि तुला कामाची घाई."

माझी पुतणी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. ती आजीला भेटायला आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "काका, घरात असतील तेवढी औषधं या सुपात ओता." ओतली. सूप भरले. देवळीतल्या, उशीखालच्या, डब्यातल्या, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या. तिने एकेक उलटून पाहिली आणि मला विचारले, "काका, फवारणीच्या प्रात्यक्षिकात तुम्ही शेतकऱ्यांना काय सांगता?"

मी पाठ असल्यासारखे म्हणालो, "पीक कोणते ते पाहा, शिफारशीचेच औषध घ्या, पंपाला किती मिली ते मोजा, कसे फवारायचे ते समजून घ्या आणि कधी फवारायचे ते ठरवा."

ती म्हणाली, "आम्हाला नर्सिंगला सुरुवातीलाच हेच शिकवतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच प्रश्न मनाशी विचारल्याशिवाय आम्ही साधी गोळीही कुणाच्या हातावर ठेवत नाही."

मंडळी, मी खाली मान घातली. ते पाच प्रश्न आता क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न, माणूस योग्य आहे का? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन ही वेदनाशामके एकाच घराण्यातली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते, त्याने सूज आणि वेदना वाढते. या गोळ्या ते द्रव्य तयार होऊ देत नाहीत. अॅस्पिरिनचे हे कार्य जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण गंमत अशी की तेच द्रव्य जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळते. म्हणजे तण मारायला गेलो आणि पीकही पोळले, असा प्रकार. म्हणून वयस्कर माणसे, पोटात व्रण झालेले, मूत्रपिंडाचे, हृदयाचे वा रक्तदाबाचे रोगी, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि गरोदर भगिनी यांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दम्याच्या काही रोग्यांना या गोळ्यांनी दमा उसळतो. भर उन्हात घाम गाळून, पाणी न पिता वरून ही गोळी घेतली तर मूत्रपिंडावर भार पडतो.

एकाला चालते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही, याचा मोठा दाखला आपल्या गोठ्यातच आहे. लंगडणाऱ्या बैलाला डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले की त्याला आराम पडे. पण असे जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उजेडात आले, तोवर आकाशातली गिधाडे दिसेनाशी झाली होती. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर आपल्या देशात बंदी आली, आणि २०२३ साली जनावरांसाठीच्या अॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेनवरही. गिधाडांना मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे. तेव्हा माणसांची बाटली आणून जनावराला टोचू नका, पशुवैद्यकाला विचारा.

दुसरा प्रश्न, औषध तेच आहे का? पट्टीवर मोठ्या अक्षरात असते ते कंपनीने ठेवलेले नाव. आतले औषध कोणते ते बारीक अक्षरात असते. आईच्या दोन पट्ट्यांवर नावे दोन, पण एकीत डायक्लोफिनॅक होते आणि दुसरीत त्याचेच भावंड अॅसिक्लोफिनॅक, सोबत पॅरासिटामॉल. एकाच किडीवर दोन नावांनी तेच औषध दोनदा फवारावे, तसे झाले. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य असते, पण ते अनेक मिश्र गोळ्यांत दडलेले असते. धडधाकट मोठ्या माणसाच्या पोटात २४ तासांत सगळे मिळून ४ ग्रॅमहून जास्त, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांहून जास्त पॅरासिटामॉल जाता कामा नये. दोन गोळ्यांमध्ये किमान ४ ते ६ तास जाऊ द्यावेत. म्हातारी, अशक्त आणि दारू पिणारी माणसे यांची मर्यादा त्याहून कमी. ती डॉक्टरांनाच विचारावी, कारण जादा मात्रेने यकृत खराब होते.

आणि बिननावाच्या पुडीचे काय? गावात येणारा कोणी वैदू पुडी देतो, दोन दिवसांत गुडघे हलके होतात, दमही बसतो, आणि आपण त्याचे गुण गातो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड सापडलेले आहे. स्टेरॉईड वाईट नाही, डॉक्टरांच्या हाती ते जीव वाचवते. पण महिनोन्महिने असेच घेतले तर हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर चढते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. बरे, कळल्यावर एकदम बंदही करायचे नाही. शरीर स्वतःचे स्टेरॉईड बनवायचे विसरलेले असते, एकाएकी थांबवल्यास जिवावर बेतते. अशी पुडी चालू असेल तर ती तशीच घेऊन डॉक्टरांकडे जा.

तिसरा प्रश्न, मात्रा बरोबर आहे का? हाडांसाठी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी देतात. ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठराविक आठवडेच घ्यायची असते. पण पुष्कळ घरी ती 'ताकदीची गोळी' म्हणून रोज घेतली जाते. युरिया जास्त टाकला म्हणून पीक जास्त येत नाही, तसेच हे आहे. ड जीवनसत्त्व फाजील झाले की रक्तात कॅल्शियम वाढते, मळमळ होते, तहान लागते, लघवी वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होते. पातळ औषध घरच्या चमच्याने देऊ नका, कारण घरोघरचे चमचे लहानमोठे असतात. बाटलीसोबत येते त्या मापानेच द्या. लहान मुलांना खोकल्याचे औषध तर मनाने कधीच देऊ नये. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

चौथा प्रश्न, मार्ग बरोबर आहे का? दम्याच्या औषधाला आपण 'पंप' म्हणतो. काही पंपांत पावडरची कॅप्सूल घालून ओढायची असते. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसे आहेत, असे पुतणीने सांगितले तेव्हा मला आधी हसू आले, मग वाईट वाटले. दोष त्यांचा नाही, त्यांना कोणी दाखवलेच नाही. फवाऱ्याचा पंप असेल तर तो हलवावा, पूर्ण श्वास सोडावा, तोंड ओठांनी घट्ट मिटावे, सावकाश श्वास घेता घेता कळ दाबावी आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. मुले व म्हातारी माणसे यांना हा मेळ जमत नाही, त्यांनी मध्ये स्पेसर नावाची नळी लावावी. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. औषध थेट छातीत जाते म्हणून मात्रा थोडी पुरते.

पंप दोन कामांचे असतात. एक दम लागल्यावर मोकळा करणारा, बहुधा निळ्या रंगाचा. दुसरा श्वासनलिकांची सूज आवरणारा, तो बरे वाटत असतानाही रोज घ्यायचा. रंगावर विसंबू नका, कोणता कशासाठी ते विचारून त्यावर चिठ्ठी चिकटवा. नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढणे धोक्याचे आहे. तो वरचेवर लागू लागला तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. सूज आवरणाऱ्या पंपात स्टेरॉईड असते, म्हणून तो घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकावे. नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते.

पाचवा प्रश्न, वेळ बरोबर आहे का? दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नये. पण खाऊन घेतली म्हणजे व्रण होणारच नाही असेही समजू नये. नेहमीची कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, मात्र लोहाच्या गोळीबरोबर नको, दोघी एकत्र आल्या की लोह नीट अंगी लागत नाही. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. हाडे ठिसूळ झालेल्यांना अॅलेन्ड्रोनेटची आठवडी गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहा-दूधही नाही. घेऊन लगेच लवंडले तर अन्ननलिकेला जखम होते.

हे पाच प्रश्न झाले. पुतणीने सहावी गोष्टही सांगितली, लिहून ठेवणे. आमच्या घरी आता औषधाची वही आहे. कोणाला, काय, किती, केव्हा दिले ते नातू लिहितो. डॉक्टरकडे जाताना वही आणि सगळ्या पट्ट्या बरोबर नेतो. औषधांचा डबा कीटकनाशकांपासून दूर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवला आहे.

काही खुणा मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. काळी, चिकट, दुर्गंधी शौचास होणे, रक्ताची वा कॉफीच्या रंगाची उलटी, लघवी एकदम कमी होणे, अंगावर पुरळ येऊन ओठ-तोंड सुजणे, दम लागून एक वाक्य सलग न बोलता येणे. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग काळसर होतो, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका आली तर दाखवलेलेच बरे. आणि घरातल्या बायाबापड्यांना हे विचारण्याची लाज आपण सोडली पाहिजे. आई लाजली, पण विचारायचे मीही विसरलोच होतो.

आई आता बरी आहे. चुलीपुढे उकिडवी बसत नाही, उंच पाटावर बसते. गुडघ्याला कोमट शेक घेते आणि डॉक्टरांनी शिकवलेला मांडीचा व्यायाम खाटेवर बसून करते. दुखणे गेलेले नाही, पण आता दुखले तर सांगते.

तेव्हा आज जेवणे झाली की एक काम करा. घरातली सगळी औषधे एका सुपात ओता. मुदत संपलेली आणि बिननावाची बाजूला काढा, उरलेल्यांवर घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून नाव आणि काम लिहून घ्या. डॉक्टरांनी दिलेले चालू औषध मात्र मनाने बंद करू नका, आधी विचारा.

हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे पुढल्या खेपेला नक्की सांगतो.